दोन फेऱ्यांमधला सोमवार

मी जहाजावर खोल्या साफ करते. बल्लारपुरात आई हे असं सांगत नाही. "पोरगी हॉटेल लाइनमध्ये हाय, समुद्रातल्या," असं ती म्हणते आणि ऐकणाऱ्याने पुढचं विचारायच्या आत चहाचा विषय काढते. गल्लीतल्या बायकांचे प्रश्नही ठरलेले असतात. मळमळते का, जहाजात बाजार असते का, बुडत तर नाई ना. मी उत्तरं देते. टर्नअराउंडच्या दिवसाबद्दल मात्र आजवर कोणी विचारलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर नोकरी म्हणजे तोच एक दिवस, बाकीचे दिवस त्याची तयारी.

तो दिवस म्हणजे सोमवार. आमचं जहाज मुंबईहून निघतं, गोवा, कोची, कधी लक्षद्वीप असं फिरून पुन्हा मुंबईच्या धक्क्याला लागतं. सोमवारी सकाळी सहाला दोर बांधले जातात. आठपर्यंत पाहुण्यांनी खोल्या सोडायच्या, दहापर्यंत सगळ्यांनी खाली उतरायचं. बारापासून नवे पाहुणे वर यायला लागतात, दीड वाजता त्यांना खोल्या हव्या असतात, आणि पाचला जहाज पुन्हा सुटतं. म्हणजे जुन्यांचा वास जाऊन नव्यांना "तुमच्याचसाठी ठेवली होती" असं वाटणारी खोली तयार करायला आम्हाला साडेपाच तास मिळतात. माझ्याकडे चौदा खोल्या असतात. चादरी ओढायच्या, उशांचे अभ्रे काढायचे, मागे राहिलेली एक चप्पल, अर्धी क्रीमची बाटली, मुलांची चित्रं पिशवीत टाकायची, न्हाणीघर घासायचं, केस शोधायचे. केस सगळ्यात वाईट. शंभर गोष्टी चकाचक असल्या तरी पाहुण्याला एकच केस दिसतो.

काही पाहुणे मात्र लागोपाठ दोन फेऱ्या घेतात. त्यांना आम्ही बॅक-टू-बॅक म्हणतो. त्यांना सामान आवरावं लागत नाही, खोली तीच राहते. पण नियमाप्रमाणे त्यांनाही एकदा खाली उतरावंच लागतं. जहाजावरच्या पाहुण्यांचा आकडा शून्य झाल्याशिवाय नव्यांतला एकही माणूस वर घेत नाहीत. म्हणून या लोकांना एका मोठ्या हॉलमध्ये बसवतात, गळ्यात वेगळं कार्ड अडकवतात, सगळे गेले की रांगेने खाली नेतात, तपासणी करतात आणि सर्वांत आधी परत वर आणतात. त्यांना हा सगळा खुळचटपणा वाटतो. मलाही वाटतो.

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझी आई अशी बॅक-टू-बॅक पाहुणी होती. आणि त्या सोमवारी तिला माझं खोटं कळेल याची मला भीती होती.

ते खोटं आधी सांगून टाकते.

त्याच्या आदल्या एप्रिलात बाबा गेले. कागदाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, तब्येतीने ठणठणीत, सकाळी सातला चहा पिता पिता गेले. सोमवार होता. चुलतभावाने आईच्या मोबाईलवरून मला दोनदा फोन लावला. ड्यूटीवर फोन वाजलेला चालत नाही, माझा ॲप्रनच्या खिशात मुका होता. मग त्याने मेसेज टाकला. सव्वाआठला मी एका रिकाम्या खोलीत शिरले, दार लावलं आणि मेसेज वाचला. चार शब्द होते.

मला काहीच झालं नाही. लोक म्हणतात पायाखालची जमीन सरकली, डोळ्यांपुढे अंधार आला. माझ्या पायाखाली जहाजाचा गालिचा होता आणि तो जागच्या जागी होता. मी फोन खिशात ठेवला आणि पलंगावरच्या चादरी ओढल्या. मग दुसरी खोली केली, मग तिसरी. चौदाच्या चौदा केल्या. त्या दिवशी माझ्या खोल्यांत एक केस सापडला नाही, सुपरवायझरने तपासून अंगठा दाखवला. तीन वाजता मी त्याला सांगितलं की माझे वडील वारले. तो गोव्याचा, भला माणूस. त्याने आधी डोक्यावरची टोपी काढली आणि मग विचारलं, "सकाळी का नाही सांगितलंस? सकाळीच सोडलं असतं तुला."

सोडलं असतं. मुंबईहून दुपारचं विमान, नागपूरला उतरून वरोऱ्याच्या रस्त्याने गाडी, सहा-साडेसहाला मी बल्लारपुरात दारात उभी असते. हे गणित मी त्या दिवशी मांडलं नाही. नंतरच्या वर्षात रोज मांडलं, आणि ते रोज बरोबर आलं.

साडेतीनला मी घरी फोन केला. चुलतभावानेच उचलला. मी म्हटलं, "जहाज समुद्रात हाय. आत्ता रेंज आली, आत्ता मेसेज वाचला. मले उतरता येत नाई." बाहेर धक्क्यावर नव्या पाहुण्यांच्या बसेस हॉर्न देत होत्या, म्हणून मी न्हाणीघरात जाऊन बोलत होते. भावाने फक्त "हो" म्हटलं. चार वाजता ते बाबांना घेऊन वर्धा नदीच्या काठावर गेले. समुद्रात असल्याचं सांगून बसले होते, म्हणून मुंबईत न उतरता मी गोव्यात उतरले आणि तिसऱ्या दिवशी घरी पोचले.

पोचल्यावर काकांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही की सगळे माझ्या फोनसाठी थांबले होते. बल्लारपूरचा एप्रिल ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना याचा अर्थ कळणार नाही. पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. बर्फाच्या लाद्या तीनदा आणाव्या लागल्या. "तुह्या मायनं सांगतलं, पोरीचा फोन आल्याशिवाय काढाचं नाई," काका म्हणाले. ते तक्रार म्हणून बोलत नव्हते, उलट माझा मान ठेवला असं त्यांना सांगायचं होतं. आई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती.  मी काकांना समुद्राचं पुन्हा एकदा सांगितलं, या वेळी जरा सविस्तर. खोटं दुसऱ्यांदा सांगताना त्यात तपशील आपोआप येतात.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, विहारातले लोक बाबांबद्दल चांगलं बोलले, मी जेवण वाढलं, पत्रावळ्या उचलल्या. रडले नाही. आत्या म्हणाली, पोरगी लय धीराची. मी पुन्हा जहाजावर गेले.

वर्ष भरायला महिना उरला असताना मी सुट्टीवर घरी आले. एक दिवस आई म्हणाली, "मले तुहं जहाज पाहाचं हाय. त्या दिवशी तू जिथी होतीस ते पाहू दे."

मी सगळे बहाणे सांगितले. तुला समुद्र लागेल, तुझे गुडघे, तिथे जिने फार. ती म्हणाली, "छत्तीस वर्सं राजुऱ्याच्या दवाखान्यात आया होती मी. जिने मले नको सांगू." कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना सवलत असते, तेही तिला कोणीतरी सांगून ठेवलं होतं. पण मला सगळ्यात मोठा धक्का बसला तो तिने लागोपाठ दोन फेऱ्या मागितल्या तेव्हा. "एकीत काय पाहून होते? तू तर काम करत राह्यशीन." यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. माझी सुट्टी संपली तेव्हा आम्ही दोघी बल्लारशा स्टेशनवरून गाडीत बसलो. तिच्या पिशवीत लाखोळीच्या डाळीचे वडे होते, जहाजावर नेऊ देत नाहीत म्हटल्यावर तिने कल्याण यायच्या आत डब्यात सगळ्यांना वाटून टाकले.

पहिली फेरी बरी गेली. आईला समुद्र लागला नाही आणि आवडलाही नाही. "पाणीच पाणी, पाहाले काई नाई," असं तिने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं आणि नंतर डेकवर समुद्राकडे पाठ करून बसली. जेवणातला भात तिला मोकळा वाटला, पण भात वाटला नाही. आमच्या झाडीपट्टीत भाताचं लोकांना फार असतं, तिथे तांदळाच्या जातीवरून माणसं एकमेकांच्या घरची परीक्षा करतात. वाढणाऱ्या पोरांना ती "भाऊ" म्हणायची, पण भाऊंना मराठी येत नसे.

सुपरवायझरने तिला माझ्याच चौदा खोल्यांपैकी एक दिली होती. नियमात बसत नाही ते, पण त्याने दिली. रोज संध्याकाळी मी तिच्या खोलीत टॉवेल ठेवायला गेले की ती मोबाईल पुढे करायची. "पाह्य बरं, रेंज हाय का?" नसायची. "नाई का," ती म्हणायची आणि फोन उशीखाली ठेवून द्यायची. मला प्रत्येक वेळी सुटल्यासारखं वाटायचं. बघ, समुद्रात खरंच रेंज नसते, असं मी मनात म्हणायचे, जणू काही यामुळे माझं म्हणणं थोडं थोडं खरं होत होतं.

मग सोमवार आला. जहाज धक्क्याला लागलं आणि साडेसहाला आईचा फोन वाजायला लागला. शेवटचं बंदर सोडल्यापासून अडून राहिलेले सगळे मेसेज एकदम आले. विहाराच्या ग्रुपचे, भावाचे, शेजारणीच्या नातवाच्या वाढदिवसाचे. मी तिला चहा द्यायला गेले तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसून ते बघत होती. पलंग तिने केव्हाच उघडा केला होता. चादरी आतल्या बाजूने गुंडाळून, गाठोडं बांधून दाराशी ठेवलं होतं, दवाखान्यात रुग्ण सुटी होऊन गेल्यावर ठेवतात तसं.

"हे माहं काम हाय," मी म्हटलं.

"माहंई होतं," ती म्हणाली. आणि मग, फोनकडे बघतच, "रेंज चांगली हाय इथी."

"हो. मुंबई हाय ना."

एवढंच. मी तिला वर हॉलमध्ये नेलं. तिथे बॅक-टू-बॅकवाले वीस-पंचवीस जण जमले होते. त्यांत पुण्याच्या एक बाई होत्या, साठीच्या, गळ्यात चष्म्याची साखळी. ही त्यांची चौथी जोडफेरी होती आणि ते हॉलभर सगळ्यांना कळलेलं होतं. आईला मराठी बोलताना पाहून त्यांनी तिला शेजारी बसवून घेतलं. "पहिल्यांदाच का? काही काळजी करू नका. मी सांगते ना काय काय होतं ते." आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. कार्ड नीट जपा. हँडबॅग सोबत घ्या, गोळ्या खोलीत ठेवू नका. स्वच्छतागृहात आत्ताच जाऊन या. खाली उतरलं की घाबरू नका, दहा मिनिटांत परत आणतात. मी मनात म्हणत होते, बाई, आता पुरे.

"दर सोमवारी असंच," त्या म्हणाल्या. "सकाळी सहाला लागतं, संध्याकाळी पाचला सुटतं. आम्ही गेल्या एप्रिलमध्ये आलो होतो ना, तेव्हाही हेच. दिवसभर इथेच बांधलेलं असतं जहाज."

"गेल्या एप्रिलातई सोमवारीच?" आईने विचारलं.

"सोमवारीच. दोन वर्षं झाली, वार कधी बदललेला नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती त्या बाईंच्या चष्म्याच्या साखळीकडे बघत राहिली. मला उशीर होत होता. खरंच होत होता, आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. मी म्हटलं, "येते मी," आणि खाली आले.

मला भीती वाटायला हवी होती. वर्षभर ज्याची वाटली तेच घडलं होतं. पण मी पहिल्या खोलीत शिरले, चादरी ओढल्या, आणि पुन्हा तेच, आत काहीच नाही. हात चालत होते. कोणीतरी टेबलावर आभाराची चिठ्ठी ठेवली होती, ती वाचली आणि कचऱ्यात टाकली. दुसऱ्या खोलीत लहान मुलाने आरशावर टूथपेस्टने मासा काढला होता, तो पुसला. आई काय म्हणेल याचा विचार मी करत नव्हते. कोणत्या न्हाणीघरात साबण संपला आहे याचा करत होते. लोक या अवस्थेला धीर म्हणतात याची मला चीड येते. धीर असेल तर माणूस काहीतरी सोसत असतो. मी काही सोसत नव्हते. मी बंद होते, एवढंच.

पावणेदहाला ध्वनिक्षेपकावर एका पाहुण्याला हॉलमध्ये यायची विनंती झाली. खोलीचा नंबर सांगितला. तो आईचा होता.

मी बाहेर आले. गल्लीत दोन्ही बाजूंना मळक्या चादरींचे ढीग, सगळी दारं सताड उघडी, आणि सुपरवायझर कानाला रेडिओ लावून पळत येत होता. "तुझी आई खाली आली का? आकडा एकवर अडकलाय. बाकी सगळे उतरले." मी म्हटलं, बघते. तो दुसऱ्या टोकाला गेला.

आई माझ्या विभागाच्या शेवटच्या खोलीत होती. तिची नव्हे, कोण्या सुरतच्या कुटुंबाने सकाळीच सोडलेली. उघड्या गादीवर ती बसली होती, पिशवी मांडीवर, कार्ड गळ्यात. मी आत गेले आणि सवयीने दार ओढून घेतलं.

"आई, तू इथी काऊन? वर तुले पुकारून राह्यले."

"पुकारू दे."

"तू उतरल्याशिवाय तुह्यासंगच्या लोकायले परत वर घेत नाई. उन्हात उभे हायेत सगळे."

"राहू दे उभे थोडे," ती म्हणाली. "बस."

मी बसले नाही. ड्यूटीवर पाहुण्यांच्या पलंगावर बसायचं नसतं.

"सोमवार होता," ती म्हणाली.

"हो."

"जहाज इथीच होतं."

"हो."

"सांजेपावतर इथीच होतं. तू येऊ शकत होतीस."

मी तिसऱ्यांदा हो म्हटलं. बाहेर कोणीतरी चादरींची ट्रॉली ढकलत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. 

"कोणत्या खोलीत वाचलं?"

"समोरच्या."

आईने बंद दाराकडे पाहिलं, जणू पलीकडची खोली दिसत होती. "अन् मंग?"

"मंग चादरी काढल्या."

"मंग?"

"मंग बाकीच्या खोल्या केल्या. चौदा."

"चौदाई?"

"चौदाई."

तिने मान हलवली. मला वाटलं, आता येईल. कसलंही बोलणं यावं, शिवी यावी, ती उठून माझ्या कानाखाली वाजवेल तर तेही चालेल, असं मला वाटत होतं. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"मेसेज तू वाचला ते मले त्याच दिवशी माईत होतं," ती म्हणाली. "सव्वाआठले. मोबाईल माह्याच हातात होता. दोन निळ्या रेघा आल्या."

हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. वर्षभर मी समुद्र, रेंज, विमान, सगळ्याचा विचार केला, आणि या दोन रेघांचा एकदाही नाही. आई रोज सकाळी मला गुलाबाच्या फुलावर सुप्रभात लिहिलेलं चित्र पाठवते. मला त्याचा वैताग येतो. मी बघते आणि पुढे जाते, उत्तर देत नाही.

"ते फूल मी काऊन धाडतो असं वाटते तुले?" ती म्हणाली. "निळ्या रेघा दिसल्या का समजते, पोरगी जिती हाय. त्या रेघा मले तुह्यापेक्षा जास्त समजते."

"मंग तू बोलली काऊन नाई? काकाले काऊन सांगतलं, फोन येऊ द्या म्हणून? मी वाचूनई फोन नाई केला म्हणजे मी येत नाई, हे समजलं नाई का तुले?"

"समजलं ना. तवाच समजलं."

"मंग?"

 वर पुन्हा तिचा नंबर पुकारला.

"आठलाच तुह्या काकानं म्हटलं, ऊन चढते, लवकर काढू," ती म्हणाली. "मी म्हटलं, पोरीचा फोन आल्याशिवाय नाई. सगळे गप झाले. पोरीचं नाव घेतलं का लोकायले बोलता येत नाई. दहाले इचारलं. मी म्हटलं, पोरीचा फोन. बाराले इचारलं. मी म्हटलं, पोरीचा फोन." ती आता माझ्याकडे बघत होती. "मी राजुऱ्याहून येवो तवा तुहे बाबा पाळीवर निघत. ते येत तवा मी बसस्टँडवर. छत्तीस वर्सं. त्या दिवशी मी त्याइच्याजवळ आठ तास बसली. हात धरून बसली. कोणी उठवलं नाई मले."

मी दाराला टेकले.

"तुही वाट नोती पाहत मी," ती म्हणाली. "मी मनात म्हणो, नोको करू फोन. आज नोको करू. साडेतीनले तू केला, अन् माह्यापाशी बहाणा नाई राह्यला."

माझ्या कानशिलातून काहीतरी गरम वर चढलं. ते काय आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला, कारण बऱ्याच दिवसांत तसं काही झालं नव्हतं. राग होता. वर्षभर मी बर्फाच्या तीन लाद्या डोक्यावर घेऊन हिंडत होते, बाप माझ्यासाठी उन्हात पडून राहिला असं समजून जेवत होते, झोपत होते, आणि हिला माहीत होतं. कोपऱ्यात बसून हिने काकांना बोलू दिलं. माझं नाव पुढे करून ही नवऱ्याजवळ बसली, आणि मला सांगितलं नाही.

"तू मले सांगू शकत होतीस," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "एका शब्दानं सांगू शकत होतीस."

"तूई सांगू शकत होतीस," ती म्हणाली.

 मी त्या उघड्या गादीवर तिच्या बाजूला बसले, नियमबियम गेला खड्ड्यात, आणि रडायला लागले. बाबांसाठी की तिच्यावरच्या रागाने, ते मला आजही सांगता येणार नाही. हुंदका आवरेना, नाक वाहत होतं, ॲप्रनने पुसत होते. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, समजूत घातली नाही. तिने फक्त पिशवी खाली जमिनीवर ठेवली आणि माझा हात हातात घेऊन बसून राहिली. ध्वनिक्षेपकावर तिसऱ्यांदा तिच्या खोलीचा नंबर आला, मग गल्लीत सुपरवायझर मला हाका मारत गेला, आणि आम्हा दोघींपैकी कोणीच ओ दिली नाही.